रुखवतातला कंप्युटर

माझं लग्न ठरलं त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? बाया सांगतात, पोटात गोळा आला, हातपाय गार पडले. माझ्या पोटात फक्त भूक होती. पाहुणे येणार म्हणून सकाळपासून मला पोह्यांच्या परातीजवळ कुणी फिरकू दिलं नव्हतं.

पाहुणे बोरीचे. मुलगा नागनाथ, परभणीला पाटबंधारे खात्यात कारकून. बाप नाही. सोबत आई चांगुणाबाई आणि धाकटी बहीण मनकर्णा. आमचं घर मानवतला. माझे आप्पा, तात्याराव मास्तर, शाळेतून रिटायर झालेले. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, कुणी उठा म्हणलं तर लगेच उठता यावं असे.

चांगुणाबाईंनी विचारलं, "काय शिकलीस माय?"

"इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. मग औरंगाबादला वर्षभर कंप्युटर जोडायच्या दुकानात होते."

"जोडायच्या म्हंजी?"

"सुटे भाग आणून मशीन उभी करायची."

बाईंनी आप्पांकडं असं बघितलं, जसं काही मी ट्रकचं पंक्चर काढते म्हणून सांगितलं. मला चीड आली. पण नागनाथ पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, "मग घरात कंप्युटर असला तर तुमाला घरीच काम करता येईल की. टायपिंगचं, छपाईचं."

त्या एका वाक्यावर मी लग्नाला हो म्हणले. मुलगा दिसायला बरा होता, नोकरी होती, दारू नव्हती, ते सगळं आईआप्पांनी बघितलं. मी ते वाक्य बघितलं. औरंगाबादहून मला परत आणलं तेव्हापासून माझे हात रिकामे होते आणि डोक्यात नुसता भुसा भरल्यासारखं झालं होतं. सकाळ व्हायची, संध्याकाळ व्हायची. मला एकच पाहिजे होतं, माझी स्वतःची एक मशीन आणि तिच्यासमोर बसायला जागा. नवरा त्याच्याबरोबर येत असला तर येऊ दे.

आठवड्यानं मध्यस्थ दत्तराव निरोप घेऊन आले. मांडी घालून बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मास्तर, हुंडा-बिंडा त्यांना काई नको. ते आपल्यात बसत बी न्हाई. निस्तं रुखवतात एक कंप्युटर मांडा म्हणले."

निस्तं म्हणे! आप्पांचा चेहरा उतरला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडं बघितलं. "रुखवत नवरीनंच आपल्या हातानं करायचं असतं ना गं? मग तूच कर."

आता रुखवत म्हणजे काय, तर लोकरीची तोरणं, मण्यांचा मोर, काडीपेटीच्या काड्यांचं घर, कुरडया-शेवयांची ताटं. नवरीनं केलेलं सगळं लग्नात टेबलावर मांडायचं, आणि पाहुण्या बायांनी रांगेनं येऊन नाकं मुरडायची. मला सुईत दोरा घालता येत नाही. सोल्डर लावता येतं. आप्पांनी खर्च वाचवायला म्हणलं असेल, पण मी तर त्या शब्दाची वाटच बघत होते.

मग आला सुतळीचा निरोप. चांगुणाबाईंनी नायलॉनची एक सुतळी पाठवली, तिला तीन गाठी. पहिल्या गाठीपर्यंत रुंदी, दुसरीपर्यंत उंची, तिसरीपर्यंत खोली. त्यांच्या नव्या शोकेसच्या मधल्या खणाचं माप. कंप्युटर त्या खणात बसला पाहिजे, वर काच सरकली पाहिजे.

मी भडकले. "कंप्युटर म्हणजे काय लोणच्याची बरणी हाय का? शोकेसमदी घालायची?"

आई शेंगा फोडायली होती. ती म्हणाली, "मग बारकाला बघ की. बारके मिळत नसतेत का?"

आईचं नाव गीताबाई, आणि तिच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. मी सुतळी भिंतीला लावली, पेन्सिलीनं चौकोन काढला आणि त्याच्यासमोर बसले. खण आडवा होता, बुटका होता. साधं उभं खोकं, त्याच्यावर चौदा इंची पडदा, असलं काही त्यात जाणार नव्हतं. चपटं खोकं पाहिजे, पितळी डब्याएवढं उंच. त्यावर नऊ इंची पडदा, दुकानाच्या गल्ल्यावर ठेवतात तसला. चपट्या खोक्यात कार्डं, म्हणजे एकेका कामाच्या सर्किटच्या पाट्या, उभी बसत नाहीत, आडवी बसवावी लागतात, आणि त्यासाठी खोक्याच्या आत खणच दोन. मी मनात म्हणले, बरं. शोकेस तर शोकेस. काच बोटभर सरकवून बटणांची पाटी बाहेर मांडीवर घ्यायची, समोर खुर्ची टाकायची आणि काम करायचं, मशीन आत काचेआडच. काम झालं की काच बंद. धूळ तरी बसणार नाही.

दोन खणांचा हिशोब मी किती दिवस करत होते, विचारू नका. एकात पडद्याचं कार्ड, ते तर लागणारच. उरला एक. दुकानात सगळे त्यात डिस्क चालवायचं कार्ड घालतात. मला तो खण रिकामा पाहिजे होता, मराठीच्या कार्डासाठी. ते घातल्याशिवाय पडद्यावर मराठी उमटत नव्हती, आणि बोरीत बसून मी इंग्रजीत काय छापणार होते? म्हणून मदरबोर्डच असा शोधायचा, ज्याच्यावर डिस्कची जोडणी आधीच असेल. महाग पडला तरी चालेल. तो एक खण माझा होता. लग्नातलं बाकी सगळं कुणाकुणाचं होतं.

मराठीच्या कार्डाला पैसे कुठून आणायचे? मी म्हणले, शालू नको.

आई म्हणाली, "लोक काय म्हणतील?"

"लग्नाला पांढरीच साडी नेसायची ना? विहारात त्रिसरण म्हणायला शालू लागतो का? जेवणावळीपुरता अंगावर टाकायचा आणि जन्मभर ट्रंकेत ठेवायचा!"

आईनं शेंगांची टरफलं सुपात झटकली. तिच्याकडं एकच शालू होता. आम्ही पहिल्यांदा ज्या गावात राहायचो तिथं अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत वस्ती पेटवली, त्यात तो गेला. मी तेव्हा पहिलीत होते. मला फक्त धूर आठवतो आणि आप्पांनी माझ्या तोंडावर धरलेला हात. ओरडू नको म्हणून. त्यानंतर आम्ही मानवतला आलो आणि आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं बंद झालं. मी एकटीच तेवढी तोंडाळ निघाले, पण ते नुसतं तोंडच. आतून मीही त्यांच्यासारखीच.

भाग आणायला हैदराबादला गेलो, मी आणि आप्पा. कोठीच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नाही. टेबलावर मदरबोर्ड असे रचलेले, जशा भाकरी. आप्पांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. मानवतला ते इतकं हळू बोलतात की दोनदा विचारावं लागतं, पण तिथं अशी काही जबान सुटली की मी बघतच राहिले. "मियाँ, माल दिखाना है तो ढंग का दिखाओ!" दुकानदार हसला, खुर्ची दिली, चहा मागवला. मग मला म्हणाला, "बेटी, ये लो, फोर-एटी-सिक्स. हवा से बातां करता."

"नको. तीनशे शहाऐंशी दाखवा. एसएक्स."

"अरे, वो तो पुराना हो गया!"

"ह्याच्यावर बोट ठेवून बघा चालू असताना. पोळतं. मला बंद काचेत चालवायचीय. परभणीच्या मे महिन्यात."

तो आप्पांकडं बघून म्हणाला, "मास्टर साब, बच्ची खुद जोडती?"

"खुद जोडती," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मला ते बघून बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. मी मेमरीच्या पट्ट्या उजेडात धरून सोन्याचे दात मोजत होते. एसएक्सला पट्ट्या जोडीनं लागतात, एक कमी पडली तर मशीन जागीच होत नाही. चार घेतल्या, चारी एका कंपनीच्या. पंखा आवाज न करणारा घेतला. डिस्क कानाला लावून ऐकली, पहिली परत केली, दुसरी ठेवली. नऊ इंची पडदा दुकानात नव्हता, तो ट्रान्सपोर्टनं पाठवतो म्हणाला.

घरी आल्यावर जमिनीवर चादर टाकून जोडायला बसले. चपट्या खोक्यात काम म्हणजे बारक्या सुगडात हात घालून दाणे काढायचे. वायरींची रिबीन दुमडायची तर ती पंख्याच्या वाटेत येते. मी ती सोडली, फिरवली, डिस्कच्या खालून नेली. बोटं कापली. आई म्हणायची जेव, आणि मी जेवायचे. आई म्हणायची हळद लाव बोटाला, आणि मी लावायचे.

मशीन चालली. पण चालणं वेगळं आणि मे महिन्यात बंद काचेत चालणं वेगळं, आणि इथं होता जानेवारी. काय करावं? मी घरातलं लोखंडी कपाट रिकामं केलं, मधल्या फळीवर मशीन ठेवली, शेजारी शंभरचा बल्ब लावला आणि दार ओढून घेतलं.

आईनं कपाळाला हात लावला. "अंडी उबवायलीस का काय सुला?"

"उन्हाळा करायलेय."

थोड्या वेळानं दार उघडलं की आतून भट्टीसारखी वाफ यायची आणि मशीन गोठलेली असायची. पडद्याच्या जागी मी जुना टीव्ही जोडला होता, त्यावर अर्धं वाक्य तसंच अडकलेलं. मी चिपवर बोट ठेवायचे. चटका बसायचा. त्या दिवसांत मला खरं कळणारी तेवढी एकच गोष्ट होती. पंखा फिरवून बघितला, खोक्याच्या पाठीला भोकं पाडली, तरी गोठायचीच. शेवटी मी मदरबोर्डवरचा जंपर हलवला. जंपर म्हणजे दोन पिनांवर घालायची काळी टोपी, ज्वारीच्या दाण्याएवढी. ती एका पिनेनं सरकवली की मशीनची धाव कमी होते. तेहतीस मेगाहर्ट्झची पंचवीस झाली. मी परत बल्ब लावला, दार लावलं. ह्या वेळी सबंध दुपार गेली आणि वाक्य पुढं सरकतच राहिलं. मशीन मठ्ठ झाली होती, पण थांबत नव्हती. मी दार उघडून बल्ब काढला.

त्याच महिन्यात विद्यापीठाचं नामांतर झालं. आमच्या गल्लीत लोकांनी साखर वाटली, निळा गुलाल उधळला. आईनं साखर तोंडात टाकली आणि पहिलं काम काय केलं तर ट्रंकेत कागदपत्रं भरून कुलूप लावलं. आमच्या घरात आनंद झाला की आधी कडी लावतात. बाहेर बंद, कुठं गाड्या अडवलेल्या, माझा पडदा हैदराबादच्या ट्रकमध्ये कुठंतरी उभा. दत्तराव येऊन म्हणाले, वातावरण निवळू द्या, लग्न पुढच्या महिन्यात घेऊ. मला विचारलं, चालेल ना? मला काय. चालेल. पडदा येईपर्यंत मलाही वेळ पाहिजेच होता.

लग्न झालं. रुखवताच्या टेबलावर मावशीनं कुठून तरी आणून मण्यांचा मोर ठेवला होता, त्याच्याशेजारी माझी मशीन. पडद्यावर मी मराठीत 'सुस्वागतम' लिहून ठेवलं होतं, हिरव्या अक्षरात. बाया यायच्या, वाकून बघायच्या.

"टीव्ही हाय का?"

"एवढुसा टीव्ही?"

"अगं, कंप्युटर हाय तो. पोरीनं हातानं केलाय."

"लोकरीचा?"

मी पांढऱ्या साडीत बसले होते आणि पंख्याचा आवाज येतोय का तेवढंच ऐकत होते. येत नव्हता. पंखा चांगला निवडला होता.

बोरीला गेल्यावर दुसऱ्या दिवशी मशीन शोकेसमध्ये बसवली. अगदी बरोब्बर बसली. वर दोन बोटं, बाजूला दोन बोटं जागा. चांगुणाबाईंनी, म्हणजे आता माझ्या आत्याबाईंनी, शोकेसच्या माथ्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली आणि काच सरकवली. मी वायर हातात धरून उभी.

"आत्याबाई, प्लग कुठाय?"

"कशाचा?"

"हिचा. लाईटचा."

त्यांनी शोकेसकडं बघितलं. मागं पूर्ण प्लाय ठोकलेलं. त्या भिंतीला बटण नाही, सॉकेट नाही, काहीच नाही. "लावायचा कशाला?" त्या म्हणाल्या. "अशी किती छान दिसायलीय. वायर लोंबकळती बरी दिसंल का?"

मी तशीच उभी राहिले. कपाटातला तो बल्ब, ते चटके, ती पंचवीसची धाव, सगळं मी कशासाठी केलं होतं? ह्या बाईच्या डोक्यात ती चालू करायची नव्हतीच कधी! ती बाई वाईट नव्हती हो. तिच्या शोकेसमध्ये एक बंद पडलेलं घड्याळ होतं, एक कप-बशीचा सेट होता ज्यात कुणी चहा प्यालं नव्हतं. तिच्या घरात चांगली वस्तू म्हणजे काचेआडची वस्तू. कंप्युटर त्यातच बसला.

मी रात्री नवऱ्याला म्हणले, "अहो, सॉकेट पाहिजे."

"बघू."

दुसऱ्या आठवड्यात म्हणले.

"बघू की."

ह्या माणसाला 'बघू' सोडून दुसरा शब्द येत नाही, हे मला बघायच्या कार्यक्रमात कसं कळणार होतं? शेवटी मीच भाजी चिरायच्या सुरीनं प्लायला भोक पाडलं, पलीकडच्या बोर्डावरून वायर ओढली, खिळे ठोकले. आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. नव्या शोकेसला भोक! शेजारच्या दगडाबाईला जाऊन सांगितलं, पुन्हा येऊन मला ऐकू जाईल असं स्वतःशीच सांगितलं. मी काच सरकवली, लोखंडी खुर्ची ओढली आणि बसले.

परभणीला भुजंग नावाच्या माणसाचा प्रेस होता. त्याला मराठी मजकूर फ्लॉपीवर टाकून पाहिजे होता. हे सकाळी एसटीनं ऑफिसला जाताना फ्लॉपी नेऊन द्यायचे, संध्याकाळी कागद घेऊन यायचे. पहिल्या दिवशी फ्लॉपी कुठं ठेवली माहितीय? जेवणाच्या डब्याखाली! वांग्याच्या रश्श्याचं तेल लागलं. "ती काय पोळी हाय का?" मी म्हणले. त्यांनी रुमालानं पुसली आणि म्हणाले, "बघू, चालती का." चालली नाही. मला सगळं परत टाईप करावं लागलं.

पण केलं. शाळांच्या पुस्तिका, विहाराच्या वर्षावासाची पत्रकं, पतसंस्थेचा अहवाल. बाहेर एप्रिल-मे तापलेला, पत्र्यावर टाकलेलं पाणी चरचरायचं, आणि काचेच्या खणात माझी मठ्ठ मशीन एकदाही थांबली नाही. मनकर्णा शेजारी पाटावर बसून बघायची. गप्प पोर, पण डोळे चलाख. एकदा म्हणाली, "वहिनी, तुमी क दाबला की तिथं क कसा येतो?" मी खोकं उघडून मराठीचं कार्ड दाखवलं. तिनं एक बोट लावून बघितलं आणि पटकन मागं घेतलं.

मी खूश होते का? तसं म्हणता येणार नाही. पण तेवढ्या वेळात मी कुठं आहे हे मला माहीत असायचं. बाकीच्या दिवसात भाकरी थापताना, पाणी भरताना मला ते माहीत नसायचं. मशीनसमोर बसलं की मी तिथं असायचे. माझं तेवढंच होतं, आणि ते मला पुरत होतं.

पावसाळा गेला तसं मनकर्णाला स्थळ आलं. सेलूचं. मुलगा किराणा दुकानदार, घर चांगलं. पोरगी पसंत पडली. मग त्यांचा निरोप आला, आणि तोही दत्तरावांच्याच तोंडून. "हुंडा-बिंडा काई नको म्हणले. तुमच्या घरी कंप्युटर हाय असं ऐकलं. निस्तं रुखवतात तसा एक मांडा."

मी आतून ऐकत होते. पिठाचे हात तसेच धरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी स्वतः चहा केला आणि माझ्यापुढं आणून ठेवला. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या हातचा चहा मला पहिल्यांदा मिळाला. तेव्हाच मला कळलं.

"सुला," त्या म्हणाल्या, "माझ्यानं नवा घेणं व्हत न्हाई. तू बघतीस."

मी कप जवळ ओढला.

"तुला बनवता येतंय गं. तिला येत न्हाई. तू परत बनवशील."

ज्याला येतं त्याच्याकडून न्यायचं, कारण त्याला परत करता येतं. मी भांडायला पाहिजे होतं. तोंड तर माझं जन्माचं चालतं. मी नवऱ्याकडं बघितलं. ते पेपर वाचत होते.

"अहो?"

"तुझीच हाय ती," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं." आणि पान उलटलं.

त्यांच्या हातात होतं. एक शब्द बोलायचा होता, मला बघायला आले होते तेव्हा बोलले तसा. ते बोलले नाहीत.

"न्या," मी म्हणले. राग आला का? आला असेल, पण शेजारच्या घरात कुणीतरी भांडतंय आणि भिंतीतून ऐकू येतंय, तसा. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी चहा प्याले. साखर जास्त झाली होती.

प्रेसला निरोप दिला, पुढचं काम पाठवू नका म्हणून. भुजंगनी विचारलं कामून, ह्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही.

लग्नाच्या आधी मी मशीन शोकेसमधून काढून चादरीवर घेतली. उघडून धूळ झटकली, पंख्यावरचा कापसाचा फुफाटा ब्रशनं काढला. मनकर्णाच्या सासरी शोकेस नव्हती. दुकानामागच्या खोलीत टेबल होतं, वर पंखा होता, खिडकी होती. मोकळी हवा. मग ती मठ्ठ कशाला ठेवायची? मी जंपर परत पहिल्या जागी लावला. मशीन चालू केली, तर पडदा असा सरसर भरला की मी हात मागं घेतला. माझ्याकडं होती तोवर मी तिला असं कधी पळू दिलं नव्हतं.

मग मराठीच्या कार्डाचा स्क्रू काढला. ते तर मी शालू सोडून घेतलं होतं. कुणाला कळणार होतं? मशीन चालू होईल, इंग्रजी अक्षरं येतील, सेलूच्या बायांना तेवढं पुरे. कार्ड ओढून हातात घेतलं. मनकर्णा दारात उभी होती.

"वहिनी," ती हळू म्हणाली, "ते काढलं तर मराठी दिसणार न्हाई ना?"

तिला माहीत होतं. ती मागत नव्हती, अडवतही नव्हती. नुसतं विचारत होती. मी कार्ड परत खणात बसवलं, स्क्रू आवळला आणि तिला म्हणले, "इकडं ये. बस. क कुठाय दाखव."

दहा-बारा दिवसांत जेवढं शिकवता येतं तेवढं शिकवलं. तिला स्वतःचं नाव लिहिता येऊ लागलं, फाईल जपून ठेवता येऊ लागली. मी चिडायचे, ती चुकायची, पण उठायची नाही. आत्याबाई तिकडून ओरडायच्या, "मेंदी सुकली का गं?" आणि पोरगी मेंदीचे हात वर धरून कोपरानं बटणं दाबायची.

लग्न बोरीतच झालं. रुखवताचं टेबल मोठं होतं. स्वेटरं, तोरणं, पत्रावळींची गाडी, आणि मधोमध मशीन. मी समोर बसून होते, कारण ती चालू दाखवायची होती. सेलूच्या बाया आल्या.

"हे बी पोरीनंच केलं का?"

"हाव," आत्याबाई म्हणाल्या. "सगळं तिच्याच हातचं."

मनकर्णानं मान खाली घातली. फोटोवाला मला म्हणाला, "ताई, तुमी जरा बाजूला व्हा. नवरीला बसू द्या." मी उठले. मनकर्णा पांढऱ्या साडीत त्या खुर्चीवर बसली आणि हात कुठं ठेवावेत ते तिला सुचेना. मी मागून वाकले, तिची बोटं धरून एकेका बटणावर ठेवली आणि फोटोतून बाजूला झाले. फ्लॅश उडाला. बाया म्हणाल्या, काय हुशार पोर हाय.

जेवणं झाली, संध्याकाळ कलली, जीप दाराशी लागली. मागं गाद्या, भांडी, आणि गाद्यांच्या मधे पोत्यात गुंडाळलेलं खोकं. मनकर्णा आईच्या गळ्यात पडली, भावाच्या पाया पडली, मग माझ्याकडं आली. तिनं मला मिठी मारली आणि माझ्या कानात म्हणाली, "वहिनी, मी चालवंन. बंद ठेवणार न्हाई."

आणि मला रडू फुटलं. असं फुटलं की माझं मलाच कळेना हा आवाज कुणाचा. पोटातून येत होता. मी मनकर्णाला घट्ट धरलं होतं, आणि तिच्या खांद्यावरून बघत होते ते पोतं. मनकर्णा चांगली पोर होती, तिला नीट घर मिळालं होतं, तिच्यासाठी मी रडत नव्हते. कशासाठी रडत होते ते मी तिथं कुणाला सांगणार होते? दोघीतिघींनी मला धरलं. कुणीतरी पाणी आणलं.

"बगा," सेलूची एक म्हातारी म्हणाली, "नणंदेसाठी भावजय एवढी रडायली! असं कुठं बगायला मिळतंय आजकाल?"

"लय जीव हाय बाई तिचा," दगडाबाई म्हणाली.

आत्याबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. पहिल्यांदाच. जीप निघाली, फाट्याकडं वळली, पोतं दिसायचं बंद झालं, तसा माझा आवाज आणखी वाढला, आणि बाया आणखी जवळ येऊन माझं कौतुक करू लागल्या.